पान्ह्याआधीचं मिनिट

गोठ्यात चौतीस गायी होत्या. त्या चौतीस गायींपाशी दिवसातून दोनदा, म्हणजे एकूण अडुसष्ट वेळा, मिनिटमामा एकेक मिनिट काहीही न करता उभे राहत. त्यांचं खरं नाव हजेरीच्या वहीत होतं आणि ते तिथेच सुखाने पडून होतं.

पूर्वी हाताने धारा काढायचे तेव्हाही ते असेच उभे राहत, पण तेव्हा ते कुणाच्या डोळ्यांवर येत नसे. मग दूध काढायचं यंत्र आलं. ते बसवायला आलेला माणूस घाईघाईने गायीच्या सडांना कप लावायला गेला, तर मामांनी त्याचं मनगट धरलं आणि म्हणाले, “एक मिनिट.” बादलीतल्या कोमट पाण्यात फडका पिळून त्यांनी चारही सड पुसले, गायीच्या कुशीवर तळहात ठेवला आणि ओठांतल्या ओठांत मोजायला लागले. यंत्र फुसफुसत राहिलं, माणूस ताटकळत राहिला. मामा पंचेचाळिसाच्या आसपास पोचले तेव्हा कास टरारली, सडाच्या टोकाला थेंब आला, आणि मामा म्हणाले, “हं, आता लाव.” त्या दिवसापासून नाव पडलं ते पडलंच.

मोजायची सवय मात्र यंत्राच्याही आधीची. ती भाचीमुळे लागली होती. बहीण बाळंत झाली ती अंथरुणाला खिळली, मुलीला पाजूही शकली नाही, आणि नवव्या दिवशी गेली. मुलीचा बाप परदेशी कामाला म्हणून गेला होता, तो परत यायचं विसरला. उरले तिशीचे, एकटे, गायींशिवाय कुणाशी फार न बोलणारे मामा, आणि चादरीत गुंडाळलेली ती नऊ दिवसांची पोर. घरी ठेवणार कुणाकडे? मामा तिला पहाटे गोठ्यात घेऊन येत, वासरांच्या रिकाम्या कप्प्यात पेंढ्यावर निजवत आणि डब्यातल्या भुकटीचं दूध बाटलीने पाजत. गायीपाशी उभं असताना ती रडली की तिला ऐकू जाईल असं एक, दोन, तीन म्हणत, तिथूनच मोजणं सुरू झालं. ज्याने त्याने विचारलं, “हे काय गाठोडं आणलंत?” म्हणून तिचं नाव गाठोडं. आज सत्तावीस वर्षांची झाली, नोकरी केली, लग्न केलं, तरी मामांच्या तोंडी गाठोडंच.

जरा कळती झाली तशी ती मामांच्या शेजारी तिवईवर बसून त्यांच्याबरोबर मोजू लागली. शाळेत घातली तेव्हा तिला साठपर्यंत आकडे बिनचूक येत होते. बाईंनी कौतुकाने विचारलं, “आणि साठच्या पुढे काय?” तर ही ठणकावून म्हणाली, “दूध!” बाई हसून बेजार झाल्या. मामांना यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. उत्तर बरोबरच होतं की.

तर आता या गाठोड्याला मुलगी झाली होती. बाळंतपण सुखरूप झालं. मामांनी गोठ्यात सगळ्यांना सांगितलं, गायींनासुद्धा. पण चौथा दिवस गेला, पाचवा गेला आणि दूध उतरेना. उतरेना म्हणजे छाती दगडासारखी भरलेली, दुखून जीव नकोसा झालेला, आणि बाळ तोंड लावून दोन मिनिटं ओढायचं, काही हाती लागत नाही म्हटल्यावर लाल होऊन किंचाळायचं. जन्मताना तीन किलोची होती ती सहाव्या दिवशी पावणेतीनच्या खाली आली. घरी येणाऱ्या नर्सबाई म्हणाल्या, “उद्यापर्यंत बघू. वजन चढलं नाही तर डब्याचं दूध सुरू करू, त्यात काही वाईट नाही.” बाई चांगल्या होत्या, बोलल्याही चांगलंच. पण गाठोड्याने ते निकाल ऐकावा तसं ऐकलं.

मामांच्या तोंडचं पाणी पळालं. डब्याशी त्यांचं भांडण नव्हतं, एक अख्खी मुलगी त्यांनी डब्यावर वाढवली होती. पण परवा फोनवर ती म्हणाली होती, “मामा, माझ्यातच काहीतरी कमी आहे,” आणि तो आवाज त्यांना ओळखू आला नव्हता. तेव्हापासून ते दिवसातून चार-चार वेळा फोन करत. पहाटेच्या धारा झाल्या की, “आलं का गं?” न्याहारीला बसले की, “आता आलं का?” दुपारी, संध्याकाळी, तेच. आधी ती “नाही रे” म्हणायची. मग नुसतं “हं” म्हणू लागली. सहाव्या दिवशी तिने फोन उचलला आणि काही बोललीच नाही. आपण इतकी काळजी करतो याचं मामांना तेवढंच समाधान होतं. प्रेमाचा माणूस एकदा चुकायला लागला की त्याला आवरणं कठीण.

त्याच आठवड्यात गोठ्यावर नवे साहेब आले होते. वाईट माणूस नव्हता, पण हिशोबी होता, आणि गळ्यात शर्यतीचं घड्याळ अडकवून फिरायचा. अडुसष्ट मिनिटं वाया जातात हे त्याने पहिल्याच दिवशी काढलं. “मामा, हे मिनिट कशासाठी?” मामा म्हणाले, “पान्हा सुटायला.” “आणि लवकर सुटला तर?” “तर लवकर.” साहेबांचं समाधान झालं नाही. ते वहीपेन्सिल घेऊन प्रत्येक गायीच्या मागे उभे राहू लागले. घड्याळ टिक करायचं, बूट लोखंडी जाळीवर खडखड वाजायचे, आणि दर दहा सेकंदांनी प्रश्न, “किती झालं? आलं?”

जुन्या गायींनी साहेबांना भीक घातली नाही. पण ‘मॅडम’ पहिलारू होती, आठ दिवसांपूर्वी पहिल्यांदाच व्यालेली. तिची आई तिला जन्म देताना मेली, म्हणून मामांनी तिला मांडीशी धरून, बादलीत बोटं बुडवून ती चोखायला देत वाढवलं होतं. नखरे फार, म्हणून मॅडम. पहिले चार दिवस ती झकास दूध देत होती, आणि साहेब मागे उभे राहायला लागल्यापासून एकदम अर्ध्यावर आली. कास तट्ट, यंत्रात मात्र ठणठणाट. “पान्हा चोरते ही,” साहेब म्हणाले. “असली खोडीची गाय ठेवण्यात अर्थ नाही.” आणि त्यांनी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं.

डॉक्टरीणबाई आल्या त्या बाळाच्या सातव्या दिवशी सकाळी. उंच, घोगऱ्या आवाजाच्या, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या. त्यांनी मॅडमला फार तपासलंच नाही. नुसत्या बाजूला उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “रोज करता तसं करा.” मामांनी फडका पिळला, साहेब मागे उभे राहिले, घड्याळ टिक झालं. मॅडमचा कान मागे वळला. “किती झालं?” साहेबांनी विचारलं. दुसरा कानही वळला, आणि पाठीची कातडी थरथरली.

“सापडला रोग,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “साहेब, तुम्ही.”

“मी?”

“हे बघा, दूध आत तयार आहे. बारीक बारीक पिशव्यांत भरून ठेवलेलं आहे. पण त्या पिशव्या आवळायचा हुकूम कासेला स्वतःला देता येत नाही. मामांचा गरम फडका सडाला लागला की मज्जातंतूंतून बातमी मेंदूला जाते. ती पापणी लवायच्या आत पोचते. मग मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी ग्रंथी आहे, ती रक्तात एक हार्मोन सोडते. त्याला काही तार नाही. ते रक्ताबरोबर टपालासारखं फिरत फिरत कासेपर्यंत येतं. त्याला लागतं साधारण मिनिटभर. हा माणूस इतकी वर्षं त्याचीच वाट बघत उभा असतो.”

मामांना हे नवीन होतं. आपण कुणाची तरी वाट बघतोय एवढंच त्यांना माहीत होतं, कुणाची ते आज कळलं.

“आणि ती घाबरली तर?” साहेबांनी विचारलं. आता त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

“तर मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन ग्रंथी आहेत, त्या दुसरंच हार्मोन सोडतात. ते सगळ्या अंगाला सांगतं, आधी जीव वाचवा, बाकीचं मागाहून. छाती धडधडते, पाय पळायला तयार होतात, कासेकडच्या रक्तवाहिन्या आवळतात. पहिलं हार्मोन बिचारं दारापर्यंत येतं आणि दार बंद. शरीर काही मूर्ख नाही, साहेब. वाघ मागे असताना कुणी पाजत बसत नाही.”

“पण मी काय वाघ आहे?”

“तुम्ही मागे उभे राहता, बघत राहता आणि पुन्हा पुन्हा विचारता, आलं का, आलं का. तिला वाघ आणि तुम्ही यातला फरक कुठून कळणार? ती चोरत नाही हो. ते तिच्या हातात नसतंच. उगाच तिच्यावर आळ घेऊ नका.”

साहेब खजील झाले. त्यांनी घड्याळ काढून खिशात टाकलं, बूट न वाजवता दारापर्यंत गेले आणि बाहेर जाऊन उभे राहिले. गडी भला होता. मामांनी पुन्हा फडका पिळला. मॅडमने पन्नाशीच्या आत पान्हा सोडला आणि नऊ लिटर दूध दिलं.

पण मामांचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. एका हातात फडका होता आणि दुसरा हात सवयीने खिशातल्या फोनकडे निघाला होता. “आलं का गं,” विचारायला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण! चौतीस गायींना रोज मिनिट देणारा माणूस, आणि आपल्याच पोरीच्या मागे घड्याळ घेऊन उभा राहिलेला. मामांनी फडका खांद्यावर टाकला, फोन जेवणाच्या डब्यात ठेवला, वर झाकण लावलं आणि सायकल काढली.

गाठोडं तिसऱ्या मजल्यावर राहायचं. मामा जिना चढून दारात आले तेव्हा पाजायची वेळ झालेली होती, आणि आतलं दृश्य बघून त्यांचे पाय उंबऱ्यातच थांबले. बाळ टेबलावर, वजनाच्या काट्यात. काट्याशेजारी विहीणबाई, चष्मा नाकावर ओढून. भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी जावई, हातात पेन्सिल. विहीणबाईंनी तीस वर्षं बेकरीत पीठ तोललं होतं. काटाही तिथलाच होता, निवृत्तीच्या दिवशी मागून घेतलेला. पाजायच्या आधी एकदा वजन, पाजल्यावर एकदा, आणि दोन्ही आकडे कॅलेंडरवर. असं दिवसातून आठ वेळा. “आधीचं लिही,” त्या म्हणाल्या, मग बाळ उचलून सुनेच्या हातात दिलं आणि दोन पावलं मागे सरून बघत उभ्या राहिल्या. “हं. येतंय का?”

पलंगावर बसलेल्या गाठोड्याचे खांदे कानांना टेकले होते. पायांची बोटं वळली होती. डोळे बाळावर नव्हते, काट्यावर होते. मामांना मॅडमचे मागे वळलेले कान आठवले.

आता आली पंचाईत. रोग कळला होता, औषध कळलं होतं, पण सांगायचं कसं? भरल्या घरात, जावयादेखत, बाळंतिणीला, की बाई गं, तुझं आमच्या मॅडमसारखं झालंय? मामांनी एकदा घसा खाकरला. दोनदा खाकरला. शेवटी आयुष्यभर जे म्हटलं तेच तोंडातून निघालं.

“एक मिनिट.”

सगळ्यांनी वळून पाहिलं. मामांनी जावयाला दुकानातून साबण आणायला पाठवलं. घरात साबण आहे, असं तो म्हणाला. “आणखी एक आण,” मामा म्हणाले. जावई शहाणा होता, गेला. मग मामा पलंगापाशी जमिनीवरच बसले.

“गाठोड्या, माझं चुकलं.”

“तुझं काय चुकलं?”

“दिवसातून चार वेळा फोन करून तुला छळलं. वाट बघावी असं जगाला सांगतो, आणि मला स्वतःला धीर नाही. आता नाही विचारणार. आलं तर आलं, नाही तर डबा आहे. तू डब्यावरच वाढलीस, काय वाईट झालं तुझं?”

तिने मान खाली घातली. “तेच तर, मामा. मला आईचं दूध मिळालंच नाही. मग मला कुठून सुटणार?”

“हे कुणी सांगितलं तुला?”

तिने बाळाचं दुपटं सारखं केलं. पण टेबलापाशी काट्याचं तबक खणकन वाजलं. विहीणबाईंच्या हातातून सुटलं होतं. परवा त्या स्वयंपाकघरातून बहिणीशी फोनवर हेच बोलल्या होत्या, आणि त्या घराच्या भिंती म्हणजे नुसते पुठ्ठे.

मामांना राग आला. एरवी कधी न येणारा, खराखुरा राग. पण विहीणबाईंच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी तो गिळला आणि भाचीकडेच वळले.

“ऐक. आमची मॅडम माहीत आहे ना? तिनेही आईला तोंड लावलं नाही कधी. बादलीवर वाढली, माझी बोटं चोखून. आज सकाळी नऊ लिटर दिलं तिने. दुधाला आईची चिठ्ठी लागत नाही, गाठोड्या. ते तुझ्या अंगात आहे, आत्ता आहे. आम्ही सगळे वाघासारखे भोवती उभे राहिलोय, म्हणून बाहेर येत नाहीये.”

गाठोड्याने डोळे पुसले आणि त्यांच्याकडे रोखून पाहिलं. “मामा, तू मला गायीच्या रांगेत बसवतोयस?”

“छे गं. तुला आधी वाढवलं मी. मॅडमला तुझ्या रांगेत बसवतोय.”

ती हसली. आधी नाकातून, मग पोटातून, बाळ हलायला लागेपर्यंत. सात दिवसांत त्या घरात कुणी हसलं नव्हतं. तिचे खांदे बोटभर खाली आले, आणि मामांनी ते पाहिलं.

“विहीणबाई, एक पंचा गरम पाण्यात पिळून द्या तिला,” ते म्हणाले. “गाठोड्या, तो असा खांद्यावर घे, आणि मग… पुढचं तुझं तू बघ.” हे शेवटचं त्यांनी कॅलेंडरकडे तोंड करून, लाल होऊन सांगितलं. कॅलेंडरवर आकड्यांची रांगच्या रांग होती. मामांनी ते पान उलटून पुढचा महिना वर आणला. मग काटा काखेत मारला, विहीणबाईंना म्हणाले, “चला,” आणि दार बोटभर उघडं ठेवून दोघं जिन्यात येऊन बसले.

काटा विहीणबाईंनी मागून घेऊन मांडीवर ठेवला. आत बाळ रडत होतं.

“माझा पहिला महिन्याचा होऊन गेला,” त्या हळूच म्हणाल्या. “रोज थोडा थोडा वाळत होता, आणि घरात कुणाच्या लक्षात आलं नाही. तेव्हा काटा नव्हता हो आमच्याकडे.”

मामांचा गिळलेला राग कुठल्या कुठे गेला. त्यांनी गायीच्या कुशीवर ठेवत तसा तळहात काट्याच्या थंड तबकावर ठेवला, आणि सवयीने ओठांतल्या ओठांत मोजायला लागले. एक, दोन, तीन.

विसावर रडणं वाढलं. विहीणबाई उठायला लागल्या.

“एक मिनिट, विहीणबाई.”

त्या बसल्या. तीस. बाळाने एक लांब हुंदका दिला. पस्तीस. आत गाठोडं काहीतरी पुटपुटत होतं, शब्द कळत नव्हते. चाळीस. रडणं तुटलं. चव्वेचाळीस, पंचेचाळीस. आत शांत. खाली जिन्यात कुणीतरी दार लावलं, ते थेट छातीत वाजलं. आणि मग त्या बोटभर फटीतून आवाज आला, अगदी बारीक, गुटुक. जरा थांबून पुन्हा, गुटुक. मग थांबेचना. गुटुक, गुटुक, गुटुक.

मामांनी आयुष्यात शेकडो वासरांचा तो आवाज ऐकला होता. पेंढ्यावर बसून ज्या पोरीला बाटली धरली, तिच्या कुशीतून तो येईल हे त्यांना कुणी सांगितलं असतं, तरी खरं वाटलं नसतं. त्यांचा आकडा चुकला. कुठवर आलो होतो ते आठवेचना, आणि आठवायची गरजही उरली नाही.

“मामा,” आतून हाक आली. बाळ दचकू नये इतकी हळू. तिला माहीत होतं, हा बाहेर मोजत बसला असणार. “मामा, साठच्या पुढे काय?”

मामा नुसतेच मान हलवत राहिले. विहीणबाईंना वाटलं पोरगी खरंच विचारतेय आणि यांना उत्तर येत नाहीये. त्या काटा सावरत मदतीला धावल्या.

“एकसष्ट!” त्या म्हणाल्या.

आत गाठोडं हसायला लागलं, रडत रडत हसायला लागलं, आणि जिन्यात मिनिटमामांनी गोठ्यातून खांद्यावर आलेल्या फडक्यात तोंड खुपसलं.